बैठकीला आलेलं शरीर

4 जानेवारी 1948 रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ऊ बा खिन त्या देशाचे महालेखापाल झाले. त्या खुर्चीत बसणारे ते पहिले ब्रह्मी गृहस्थ. काम जमाखर्चाचं, व्हाउचरांचं, लेखाआक्षेपांचं. म्हणजे ज्या कामात माणसाला शरीर आहे याची आठवण फक्त पाठ दुखायला लागली की होते, तसलं. 1950 मध्ये या साहेबांनी आपल्याच कचेरीत विपश्यनेची संघटना काढली. हिशेबखात्यातली माणसं आधी श्वासाकडे आणि मग डोक्यापासून तळपायापर्यंत अंगावर उठणाऱ्या संवेदनांकडे लक्ष द्यायला शिकू लागली. कामाच्या जागी शरीरभान ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या काचेच्या इमारतींत जन्मली असं मानणाऱ्यांनी रंगूनची ही सरकारी कचेरी लक्षात ठेवावी. सरकारनेही या ध्यान करणाऱ्या हिशेबनिसाला सहजासहजी निवृत्त होऊ दिलं नाही. एका वेळी अनेक खाती त्यांच्या गळ्यात घातली.

1955 मध्ये त्यांच्याकडे एक तरुण व्यापारी आला. मंडालेत जन्मलेला, मारवाडी घरातला, अर्धशिशीने गांजलेला. मॉर्फीनच्या इंजेक्शनांवर दिवस काढत असलेला. ऊ बा खिन यांनी त्याला आधी नकारच दिला. डोकेदुखी घालवायला येणार असशील तर येऊ नकोस, असा त्याचा मथितार्थ. हा व्यापारी म्हणजे सत्यनारायण गोएंका. 1969 मध्ये ते भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत घेतलं, आणि 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली. पुढे महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरांसाठी रजेची सोयही करून दिली.

त्याच परंपरेचा एक धागा अमेरिकेत पोचला होता. जॉन कबाट-झिन हे रेणूजीवशास्त्र शिकलेले गृहस्थ. त्यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यात आडवं पडून शरीराचा एकेक भाग मनाने धुंडाळायचा ‘बॉडी स्कॅन’ होता. तिथून ही गोष्ट 2007 मध्ये गूगलमध्ये शिरली, चेड-मेंग टॅन या इंजिनिअरने सुरू केलेल्या वर्गातून. आणि मग जगभरच्या एचआर विभागांत.

या प्रवासात एक चीज हरवली. ऊ बा खिन यांनी जे औषध म्हणून द्यायला नकार दिला होता, तेच आता कंपन्या औषध म्हणून वाटतात. कर्मचारी तणावात आहेत? त्यांना दहा मिनिटं डोळे मिटून बसवा, शांत होतील, कामाला लागतील. माझा आक्षेप इथे आहे. शरीरातून येते ती बातमी, आणि बातमी ऐकून माणूस दर वेळी शांत होईलच असं नाही. टीमला शरीरभानाचा काही उपयोग व्हायचा असेल, तर ती बातमी ऐकायची सवय लागणं आणि ती टेबलावर ठेवता येणं, या दोन्ही गोष्टी लागतात. नुसतं गुंगवून भागत नाही.

बातमी कुठून येते ते पाहू. डोळे मिटून स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावता येतं, कारण स्नायूंत आणि सांध्यांत बसलेले सूक्ष्म संवेदक हात कुठे आहे हे मेंदूला क्षणाक्षणाला कळवत असतात. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1906 मध्ये या संवेदनेला नाव दिलं. ती नसेल तर काय होतं हे इयन वॉटरमन यांच्यामुळे जगाला कळलं. हा जर्सी बेटावरचा एकोणीस वर्षांचा खाटीक. 1971 मध्ये एका तापानंतर मानेखालच्या शरीराची ही जाणीव त्याची कायमची गेली. स्नायू शाबूत, ताकद शाबूत, पण हात कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळेना. वर्षानुवर्षं खपून तो डोळ्यांच्या जोरावर चालायला शिकला. खोलीतला दिवा गेला की मात्र कोसळायचा.

दुसरी बातमी आतून येते. छातीची धडधड, पोटातली कळ, श्वासाची लांबी, अंगातली ऊब. मेंदूच्या घडीत लपलेला इन्सुला नावाचा भाग या बातम्यांची जुळणी करतो. या आतल्या कानाचा व्यवहारात उपयोग काय? 2016 मध्ये जॉन कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधल्या एका व्यवहारदालनातले 18 पुरुष ट्रेडर निवडले. नाडीला हात न लावता हृदयाचे ठोके मोजा, एवढंच त्यांना सांगितलं. हे ट्रेडर इतरांपेक्षा ठोके अधिक अचूक मोजत होते. त्यांच्यातही ज्यांचा अंदाज नेमका, त्यांचा नफा जास्त आणि या निर्दय धंद्यात टिकून राहण्याची वर्षंही जास्त. कोट्स स्वतः आधी वॉल स्ट्रीटवर ट्रेडर होते आणि नंतर मेंदूविज्ञानाकडे वळले. त्यामुळे ‘पोटात काहीतरी वाटतंय’ हे वाक्य त्यांनी थट्टेवारी नेलं नाही. अठरा माणसांवरचा अभ्यास फार छोटा, हे खरं. ठोके मोजण्याच्या चाचणीवरही शास्त्रज्ञांत वाद आहेत. तरी दिशा लक्षात घेण्याजोगी आहे.

आता असं आतली बातमी ऐकणारं माणूस एकटं नसून सात जणांच्या टीममध्ये बसलंय असं समजा. नवीन योजना पडद्यावर आहे, तारीख जाहीर होते आणि टेस्टिंगचं काम बघणाऱ्या मुलीच्या पोटात गोळा येतो. तिचं शरीर तिला सांगतंय की या तारखेत काहीतरी बसत नाही. अजून तिच्याजवळ आकडे नाहीत, मुद्दा नाही, स्लाईड तर नाहीच नाही. ती गप्प बसते. तीन महिन्यांनी ती तारीख चुकते, आणि चहाच्या टपरीवर ती म्हणते, “मला तेव्हाच वाटलं होतं.” प्रत्येक ऑफिसच्या बाहेरच्या टपरीवर हे वाक्य रोज ऐकू येतं. शरीराने वेळेवर दिलेली आणि बैठकीपर्यंत न पोचलेली बातमी ती हीच.

ती का पोचत नाही, याचं उत्तर संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात शोधलं, तेही अपघातानेच. रुग्णालयांतल्या कुठल्या टीम औषधं देताना कमी चुका करतात ते त्या तपासत होत्या. आकडे उलटेच निघाले. ज्या टीममध्ये आपसांत संबंध चांगले, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. इतर ठिकाणी चुका होतच होत्या, त्या दडत होत्या. 1999 मधल्या त्यांच्या निबंधाने ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना रुळवली, आणि पुढे गूगलने आपल्याच 180 टीमचा अभ्यास केला तेव्हा यशस्वी टीमच्या लक्षणांत हीच गोष्ट सगळ्यात वर आली. म्हणून टीममधल्या शरीरभानाचा सगळ्यात साधा प्रयोग मला असा वाटतो: महत्त्वाचा निर्णय घेण्याआधी दोन मिनिटं थांबायचं. पाय जमिनीला टेकलेत का, खांदे कानांना जाऊन भिडलेत का, श्वास छातीत अडकलाय की पोटापर्यंत जातोय, एवढं पाहायचं. डोळे उघडे ठेवले तरी चालतात. काहींना चारचौघांत डोळे मिटायचीच धास्ती वाटते, आणि तिला कारणं असतात. मग प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, कारण न देता. ‘मला मोकळं वाटतंय.’ ‘माझा जबडा आवळलाय.’ सगळ्यात शेवटी साहेबांनी बोलायचं. साहेब आधी बोलले की बाकीच्यांच्या जबड्याला काय वाटायला हवं ते ठरूनच जातं.

इथवर प्रत्येकजण आपापल्या शरीरात डोकावत होता. टीमची खरी गंमत सुरू होते ती दोन शरीरांच्या मधल्या जागेत, आणि तिची गोष्ट शिकागोतली आहे.

व्हायोला स्पोलिन यांनी तिथल्या हल हाऊस या वस्तीकेंद्रात नेवा बॉइड यांच्याकडून खेळ शिकवण्याचं शिक्षण घेतलं होतं. 1930च्या दशकाच्या शेवटी, महामंदीतल्या सरकारी रोजगार योजनेत, त्यांच्या वाट्याला स्थलांतरितांची मुलं आली. कुणाची भाषा इटालियन, कुणाची आणखी कुठली. भाषणं देऊन त्यांच्याकडून नाटक करून घेणं अशक्य. स्पोलिननी त्यांच्यासाठी खेळ रचले. 1963 मध्ये या खेळांचं पुस्तक आलं. त्याआधीच, 1959 मध्ये, त्यांचा मुलगा पॉल सिल्स ज्यांच्या पुढाकाराने उभं राहिलं ते ‘सेकंड सिटी’ हे उत्स्फूर्त नाटकांचं थिएटर शिकागोत सुरू झालं होतं. आज जगभर जे इम्प्रोव्ह चालतं त्याचं मूळ या मुलांच्या खेळांत आहे.

त्यातला आरशाचा खेळ आपल्या कामाचा. दोघं समोरासमोर उभे राहतात. एक हलतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब होतो. थोड्या वेळाने भूमिका उलटतात. मग तिसरी फेरी येते: आता पुढारी कुणीच नाही, दोघंही आरसे. आरशापुढे आरसा ठेवला तर हालचाल सुरू कुठून होणार? तरी ती होते. कुणाचा तरी खांदा श्वासाबरोबर किंचित उचलला जातो, समोरचा तो उचलतो, पहिला त्याचं अनुकरण करतो, आणि बघता बघता हात वर गेलेले असतात. कुणी नेले, हे दोघांनाही सांगता येत नाही.

वाचायला हे भाबडं वाटतं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या लियोर नॉय, एरेझ डेकेल आणि उरी अलॉन यांनी मात्र ते मोजून पाहिलं. त्यांनी हा खेळ एका मितीत आणला. दोन समांतर पट्ट्यांवर सरकणाऱ्या दोन मुठी, समोरासमोर दोन माणसं, आणि प्रत्येक हालचालीची यंत्रावर नोंद. निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढारी ठरलेला असतो तेव्हा मागे येणाऱ्याची रेषा थरथरते. तो किंचित पुढे जातो, किंचित मागे पडतो, सतत दुरुस्ती करत राहतो. नाटक-संगीतात मुरलेल्या माणसांना पुढारी नसलेल्या फेरीत खेळवलं, तेव्हा अधूनमधून ही थरथर नाहीशी होत होती. दोन रेषा गुळगुळीत, एकमेकींवर चढलेल्या. कुणाच्या मागे जाण्यापेक्षा कुणीच पुढे नसताना ती माणसं अधिक जुळत होती, आणि नव्या हालचालीही तिथेच जन्मत होत्या. टीममधल्या सर्जनशीलतेबद्दल मी वाचलेल्या गोष्टींत ही दोन मुठींची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

नवख्यांना हे पहिल्या दिवशी साधत नाही, आणि आपल्या कचेऱ्यांत तर आधी बऱ्याच भिंती पाडाव्या लागतात. समजा एखाद्या विमा कंपनीच्या शाखेत हा खेळ घेतला. पहिली पाच मिनिटं हसण्यात जातात. जाऊ द्यावीत, ते हसणं म्हणजे लाज बाहेर पडणं आहे. मग शाखाप्रमुख आणि क्लार्क समोरासमोर येतात. पुढारी नसलेल्या फेरीतही शाखाप्रमुखांचा हात भराभर चाललेला. “सर, जरा हळू घ्या ना, दमलो मी,” क्लार्क म्हणतो. “अरे, मी कुठे काय करतोय, तूच करतोयस!” सर मनापासून बोलत असतात. आपण सतत पुढारी आहोत हे त्यांना माहीतच नसतं. त्यांच्या दंडाला माहीत असतं. पुन्हा हळू, आणखी हळू, नजर हातांवर न ठेवता समोरच्याच्या छातीपाशी ठेवून केलं की त्यांना पहिल्यांदा समोरून काहीतरी येतंय हे जाणवतं. तीन दिवसांच्या नेतृत्वशिबिरात न कळणारी गोष्ट इथे चार मिनिटांत दिसते.

काही पथ्यं मात्र कडक. स्पर्श अजिबात नको. डोळे बांधून मागे पडायचे, सहकाऱ्याने झेलायचे वगैरे विश्वासाचे प्रयोग आपल्याकडे बायकांना नकोसे होतात, आणि ते रास्त आहे. साडी, गुडघे, पोटुशी बाई, उपवास, या सगळ्यांची सोय आधी पाहायची. ज्याला खेळायचं नाही त्याने कडेला बसावं, त्याला कारण विचारू नये आणि नंतर त्याची थट्टाही होऊ नये. सक्तीचं शरीरभान म्हणजे शाळेतली कवायत.

कवायतीचा विषय निघालाच आहे तर तिचीही बाजू ऐकून घेऊ. जपानमध्ये 1928 पासून रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो. युद्धानंतर तो बंद पडला, 1951 मध्ये परतला, आणि आजही तिथे बांधकामांवर आणि कारखान्यांत सकाळी माणसं त्या पियानोच्या तालावर एकत्र हात फिरवताना दिसतात. ताल धरला की माणसं जवळ येतात, यात शंका नाही. ऑक्सफर्डच्या नावाड्यांवर एमा कोहेन आणि रॉबिन डनबार यांनी केलेल्या अभ्यासात, एकत्र वल्ही मारल्यावर वेदना सहन करण्याची ताकद एकट्याने तितकंच वल्हवण्यापेक्षा जास्त वाढलेली आढळली. वेदनाशामक एंडॉर्फिन अधिक स्रवत असावीत असा त्यांचा अर्थ. पुण्यात गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशांचा सराव करणाऱ्या पथकांत जाऊन बघा. बँकेतला, आयटीतला, कॉलेजातली, सीए करणारी. एकमेकांचं आडनाव नीट ठाऊक नसलेली माणसं चार आठवड्यांत जिवाला जीव देण्याच्या गोष्टी करू लागतात. त्या आपुलकीचा मोठा वाटा दंडांच्या आणि मनगटांच्या तालातला आहे.

पण स्कॉट विल्टरमुथ यांचे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत. 2009 मध्ये त्यांनी आणि चिप हीथ यांनी दाखवलं की पावलाला पाऊल मिळवून चाललेली माणसं नंतरच्या खेळात एकमेकांना अधिक सहकार्य करतात. 2012 मध्ये विल्टरमुथ यांनी लोकांना प्रयोगकर्त्याबरोबर पावलं मिळवून चालायला लावलं आणि नंतर त्याच प्रयोगकर्त्याने त्यांना जिवंत किडे मारण्याच्या यंत्रात घालायला सांगितलं. पावलं मिळवलेल्यांनी अधिक किडे घातले. ताल माणसाला जवळ आणतो आणि आज्ञाधारकही करतो. ज्या टीमला नवं काही सुचायला हवं आहे तिथे रोज सकाळी एका सुरात टाळ्या वाजवून घेणाऱ्या साहेबांनी हा किड्यांचा प्रयोग भिंतीवर लावावा. जिव्हाळा देणारा प्रत्येक व्यायाम सर्जनशीलताही देतो हा समज मला खोटा वाटतो. आरशाची तिसरी फेरी दोन्ही देते, कवायत फक्त एक.

नवं सुचण्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय चालणं हा आहे, आणि त्यावर फार लिहायची गरज नाही. स्टॅनफर्डमध्ये मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी 2014 मध्ये 176 जणांवर पाहिलं: बसण्यापेक्षा चालताना एका वस्तूचे नवनवे उपयोग सुचवण्याचं प्रमाण सरासरी 60 टक्क्यांनी वाढलं. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही सुचत होतं, म्हणजे श्रेय झाडाफुलांचं नाही, पायांचं. एकच बरोबर उत्तर काढायच्या प्रश्नांत मात्र चालणारे किंचित मागे पडले. तेव्हा कल्पना हव्यात तोवर दोघातिघांनी आवारात चालावं, अंदाजपत्रकाची बेरीज करायला खुर्चीवर यावं.

या क्षेत्रात भोंदूगिरीही पुष्कळ. 2010 मध्ये, दोन मिनिटं रुबाबात बसलं किंवा उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि माणूस धाडसी होतो, असा शोध गाजला. 2015 मध्ये मोठ्या संख्येच्या लोकांवर प्रयोग पुन्हा झाला, संप्रेरकं जागची हलली नाहीत, आणि मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी 2016 मध्ये आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. आपल्याकडच्या प्रशिक्षकांच्या स्लाईडवर तो रुबाब अजून उभा आहे. 2018 मध्ये अँड्र्यू हाफेनब्राक आणि कॅथलीन व्होस यांना असं आढळलं की थोडं ध्यान केल्यावर समोरचं कंटाळवाणं काम करायची ओढच कमी होते. कामाचा दर्जा मात्र घसरत नाही. शांत झालेल्या माणसाला निरर्थक एक्सेल शीट निरर्थक दिसू लागते, यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही. आणि 2024 मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती चाळली. माईंडफुलनेसचे वर्ग, तणावनियोजनाचे धडे, आरोग्याची ॲप्स घेतलेल्यांचं स्वास्थ्य न घेतलेल्यांपेक्षा बरं निघालं नाही. माणसं कमी, काम जास्त, वेळापत्रक चुकीचं असेल, तर ते बदलावं लागतं. आवळलेला जबडा तेच तर सांगत असतो.

राहिला प्रश्न घरून काम करणाऱ्या टीमचा. तिथे शरीर छातीपासून वर उरलेलं, तेही टपाल तिकिटाएवढं. 2009 मध्ये तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांतली संभाषणं मोजली तेव्हा, एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. एवढ्या थोड्या वेळात वाक्य जुळवून बोलायला लागणं शक्य नाही. म्हणजे समोरच्याचं संपत आलंय हे आपण आधीच ओळखत असतो, आणि आपणही बोलण्याआधी श्वास घेतो, पुढे झुकतो, ओठ उघडतो. खोलीतल्या माणसांना ते दिसतं. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा येतो, माईक बंद असल्याने श्वास ऐकू येत नाही, आणि दर पाच मिनिटांनी दोघं एकदम सुरू होतात: “बोला, बोला.” “नाही, तुम्ही बोला.” मग दोघंही गप्प, आणि तिसराच, ज्याचा आवाज मोठा तो, बोलून घेतो. यावर उपाय अगदी कामचलाऊ आहेत. लॅपटॉप हातभर मागे सरकवून खांदे आणि हात चौकटीत आणायचे. छोट्या टीमने माईक उघडे ठेवायचे, घरातला मिक्सर ऐकू आला तर येऊ द्यायचा. आणि बैठक चालवणाऱ्याने पडद्यावरच्या आकड्यांऐवजी चौकटींकडे बघत बसायचं, कुणाचा खांदा उचलला जातोय ते पाहून त्या माणसाला नावाने हाक मारायची.